बटणे फोडणारा दगड

मी एक जुना धुण्याचा दगड आहे. मित्रांनो, तुम्ही मला पायरी समजून माझ्यावर चिखलाचे बूट पुसता, म्हणून आधीच सांगून ठेवतो. मी एकदा सूड घेतला आहे आणि तो मला गोड लागला होता.

पाथरवटाने मला तासून एका वकिलांच्या घरामागच्या अंगणात, हौदाजवळ, थोडा उतार देऊन बसवले. तेव्हा घरात धुण्याचे यंत्र नव्हते, धुणेवाली मावशी होती. आदल्या संध्याकाळी ती कपडे सोड्याच्या पाण्यात भिजवी. सकाळी पांढरे कपडे चुलीवर उकळी, साबण लावी, माझ्यावर आपटी आणि तीन पाण्यांतून खळबळून काढी. शेवटी नीळ. ती फडक्याच्या पुरचुंडीत बांधून बादलीत फिरवायची, पाणी आभाळासारखे झाले की शर्ट बुडवून लगेच वर. पिवळटपणा जाऊन कपडा दुधासारखा दिसे.

आपटण्याआधी मावशी बटणे आत घेऊन शर्टाची घडी घाली. "दगडोबा, बटणं खायची नाहीत हं, पचणार नाहीत तुला," म्हणे. वीस वर्षांत मी एकही बटण फोडले नाही.

एके दिवशी वकिलांना मोठ्या खटल्यासाठी शर्ट हवा होता. मावशी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. वकिलांच्या बहिणीला, आक्काला, दम निघेना. तिने ओल्या शर्टावर कोरडी नीळ तशीच भुरभुरली. शर्टावर निळे चट्टे उठले.

"हे कोणी केलं?" वकिलांनी विचारले.

"मावशीला दिसत नाही आता, दादा. मी कधीची सांगतेय."

"आक्का, मी तर गच्चीवर होते," मावशी म्हणाली.

"मग काय, नीळ पंख लावून आली?"

मावशीने हात पुसले आणि ती गेली. चार दिवसांत गल्लीतल्या सगळ्या घरांनी तिला दारातूनच सांगितले, "राहू दे मावशी, आम्ही घरीच धुतो." नाव गेले, नावामागून चूलही थंड झाली.

मला सगळे दिसले होते, पण तोंड नव्हते. देव दगडातही असतो म्हणतात. असेल. त्या दिवसांत माझ्यातला कुठेतरी बाहेरगावी गेला होता.

आता धुणे आक्काकडे आले. ती शर्ट उघडाच आपटू लागली. पहिल्या दिवशी मी तीन बटणे फोडली, दुसऱ्या दिवशी पाच. मला हलावेही लागले नाही. अंगावर शेवाळ धरले, तशी आक्का दोनदा घसरून बसली. मला फार बरे वाटले. भर न्यायालयात वकिलांची बिनबटणाची बाही कोटाबाहेर लोंबली आणि समोरचा वकील म्हणाला, "साहेब, पुरावा बाहेर पडतोय तुमचा."

त्या संध्याकाळी वकील आक्काला म्हणाले, "जा, मावशीला बोलावून आण. ती काय करायची ते शिकून घे."

मावशी आली. कुंपणावर शेजारणींची डोकी उगवली.

"शिकवते की," मावशी म्हणाली. "आधी तुम्ही सांगा, नीळ कोणी घातली?"

आक्का बादलीवर वाकली. मग पुटपुटली, "मी."

"जरा मोठ्यानं. चौथ्या घरच्या काकूंना कमी ऐकू येतं."

"मी घातली. घाईत, कोरडीच. आणि नाव मावशीचं घेतलं."

मावशीने बादलीतला शर्ट उचलला, बटणे आत घेतली, घडी घातली आणि एकदाच माझ्यावर आपटला. "असं."

वकील खाली मान घालून म्हणाले, "उद्यापासून या, मावशी."

"उद्या ती आमच्याकडं येतेय," कुंपणावरून काकू म्हणाल्या. त्यांना नेमके ऐकू आले होते.

मावशी हसली आणि काकूंकडे गेली. पुन्हा आमच्या अंगणात आली नाही. रोज सकाळी कुंपणापलीकडून दुसऱ्या दगडावर आपटल्याचा आवाज यायचा, तो मी ऐकत बसायचो. हे मी सूड घेताना हिशेबात धरलेच नव्हते.

पुढे यंत्र आले आणि मला इथे दारात पायरी केले. मित्रांनो, बूट पुसा, चालेल. पण कपडा बिघडला, तर त्या घरात जे सर्वांत गरीब असेल त्याच्याकडे बोट दाखवण्याआधी सगळ्यांचे हात बघा. नीळ दोन दिवस नखांतून निघत नाही. आक्काचे हात त्या दिवशी कोणी पाहिलेच नव्हते.