तिसऱ्या दिवसाचं रीळ

१९५८ सालच्या गुड फ्रायडेला अकोल्याच्या तंबूतल्या टॉकीजने आमच्या प्रभूला वधस्तंभावर चढवलं आणि तिथंच सोडून दिलं.

टॉकीजचे मालक खुशालराव यांनी येशूच्या जीवनावरचा जुना विलायती मूकपट आणला होता. पडद्याशेजारी उभं राहून तो मराठीत समजावायचं काम माझ्या वडिलांकडे, मिशन शाळेच्या सूर्यभान मास्तरांकडे होतं. बाया पदराने डोळे पुसत होत्या आणि तेवढ्यात फटकन दिवे लागले. खेळ संपला! प्रभू पुन्हा जिवंत होतो ते, पुनरुत्थानाचं रीळ डब्यातच राहिलं होतं.

"परतवाड्यात दाखवलं न मास्तर," खुशालराव म्हणाले. "पांढऱ्या कपड्यातला मानूस थडग्यातून निंघाला, तं लोकं भूत भूत करून शिट्ट्या मारू लागले. त्यापरीस रडून घरी गेलेले बरे."

दुसऱ्या दिवशी भागीरथा भाजीवाली मला म्हणाली, "बिचारा वं तुमचा देव, लय हाल केले त्याचे." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या गोष्टीसाठी आम्ही ईस्टरला पहाटे नवे कपडे घालून उपासनेला जातो, ती गावाला ठाऊकच नाही. बिचारा म्हणे!

वडील हट्टाला पेटले. शेवटी खुशालराव कबूल झाले: ईस्टरच्या संध्याकाळी रीळ लावतो, पण लोकांनी शिट्ट्या मारल्या, तर सोमवारी सिनेमा अमरावतीला जाईल तो त्या रिळाशिवाय.

रविवारी तंबू भरला. थडग्यापाशी पांढरी आकृती दिसली मात्र, गडीमाणसांच्या बाजूने आरोळी आली, "भूत आलं रे!" वडिलांनी पाठ केलेलं सुरू केलं, "बंधुभगिनींनो, मृत्यूवर विजय..." आणि पुढे शब्दच फुटेना. शाळेत ज्यांच्यापुढे पोरं चळचळ कापतात, ते माझे वडील घाम पुसत उभे! मला रडू आलं.

मग बायकांमधून आई उठली. माझी आई वच्छला, मिशन दवाखान्यातली दाई. व्याख्यान कशाशी खातात हे तिला माहीत नव्हतं.

"भूत नोहे, आयका! तिसरा दिवस हाये. लोकं राख सावडाले जातात न, तशा ह्या बाया सुगंधी तेल घेऊन आल्या. त्याचे चेले, सारे गडीमानसं, दार लावून लपून बसले. बायाच आल्या. ही मरीया. तिले वाटते, समोर माळी हाये. रडून राहिली, इचारून राहिली, माह्या प्रभूले कुठी नेलं, बापा? अन् तो फकत तिचं नाव घेते, मरीया! भूत भेव दाखवते. रडतीले नाव घेऊन हाक कोन मारते? जित्ता मानूसच न?"

एकाने शिट्टी मारायला तोंडात बोटं घातली होती. भागीरथा त्याच्यावर खेकसली, "चूप बस रे! तुमी तं लपलेले, तुमाले काय समजते?"

त्याने बोटं काढून घेतली. रीळ शेवटपर्यंत चाललं. मरीया धावत सुटली तेव्हा बाया टाळ्या वाजवत होत्या, आणि माझी छाती अभिमानाने फुटते की काय असं मला झालं.

खुशालराव आले. "रीळ जाईन अमरावतीले. पन मास्तर, तुमी शाळा पाहा. बाईले धाडा."

वडील तडक तंबूबाहेर निघाले. त्यांना लागलं असेल, असं मला वाटलं.

सोमवारी मोटार स्टँडवर आईची पिशवी त्यांनी स्वतः उचलली होती. कंडक्टरने काही विचारलं नव्हतं, तरी त्याला थांबवून म्हणाले, "ह्या वच्छलाबाई. समोरची जागा द्या. यांच्याबिगर अमरावतीत सिनेमा सरत नाही."