एप्रिलची पानं

सुचिताने फ्रीजरमध्ये दोन्ही हात घालून चार मिनिटं मोजली आणि मग त्या बधिर बोटांनी टी-शर्टला सेफ्टी पिना लावायला घेतल्या. पहिली पिन ओट्याखाली गेली. दुसरी टोचली. तिसरी लागली, पण छातीवरचा जुन्या शर्यतीतल्या नंबराचा कागद वाकडा बसला. बाहेर नवी मुंबईतल्या बोनकोड्यात सकाळी साडेनऊलाच अंगाची काहिली होत होती आणि ही बाई स्वयंपाकघरात थंडीचा सराव करत होती. वरच्या मजल्यावरची भाडेकरीण विरजण मागायला आली, तिने हा प्रकार पाहिला आणि विरजण न मागताच परत गेली.

सराव सांगितला होता नंदकुमार सरांनी. सर बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. कोपरखैरण्यातल्या पंधरावीस जणांना पहाटे पाचला पाम बीच रोडवर पळवायचं, हे त्यांनी स्वतःहून ओढवून घेतलेलं काम. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं म्हणून सुचिता त्यांच्यात चालायला गेली होती. चालता चालता पळायला लागली आणि त्रेपन्नाव्या वर्षी बेचाळीस किलोमीटरपर्यंत पोचली. यंदा ग्रुपने ठरवलं की परदेशात जाऊन पळायचं. डेस्टिनेशन रन. चार-पाच शहरांची नावं निघाली आणि रॉटरडॅम म्हटल्याबरोबर सुचिताचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. सगळ्यांना वाटलं, बाई हुशार आहे, सपाट रस्ता बघून शहर निवडते.

रस्ता सपाट होता की डोंगराचा, हे तिला तेव्हा माहीतही नव्हतं. तिची मनस्वी तिथे राहते, एवढंच माहीत होतं.

मनस्वी ही एकुलती एक. सहा वर्षांपूर्वी तळवलीच्या एका घरात तिचं लग्न ठरलं होतं. तिच्या बापाने, हरेशने, शब्द दिला होता, हॉल ठरला होता, हळदीच्या बँडवाल्याला सुपारी दिली होती. पोरगी मात्र आधीपासून नको म्हणत होती आणि कोणी ऐकेना, तेव्हा शिकायला म्हणून रॉटरडॅमला निघून गेली. तिथेच नोकरीला लागली आणि पुढे निखिल नावाच्या देशावरच्या मुलाशी रजिस्टर लग्न करून मोकळी झाली. गावकीत हरेशची मान खाली गेली. त्याने मोबाइलमधून तिचा नंबर काढून टाकला आणि घरात सांगितलं, की तिचं नाव माझ्यासमोर घ्यायचं नाही. आगरी माणसाचा शब्द आणि आगरी माणसाचा राग, दोन्हींना परतीचा रस्ता नसतो असं म्हणतात. म्हणणारे बहुतेक आगरीच असतात.

तेव्हापासून सुचिता लेकीशी दुपारी बोलायची, हरेश कामावर असताना. दोन वर्षांपूर्वी नात झाली, सई. तिला सुचिताने फोनच्या काचेवर पाहिलं होतं, काचेवरूनच तिच्या गालाला हात लावला होता. रात्री पोळ्या लाटताना मध्येच तिचे हात थांबायचे. इतकी माया आत साठली होती की ती कुठे ठेवावी, हे तिला कळत नव्हतं.

म्हणजे मॅरेथॉन हे ताकाला जाऊन भांडं लपवणं होतं. हरेशला ते कळलं असणारच. त्याने एवढंच विचारलं, ‘इथला रस्ता संपला काय?’ आणि व्हिसाच्या कागदांच्या झेरॉक्स काढून आणल्या. शहराचं नाव त्याने वाचलं, पण तोंडाने उच्चारलं नाही. सुचिताला भांडण चाललं असतं. तिला हवं होतं ते एवढंच, की आपण विमानात बसण्याआधी या माणसाने लेकीशी एक शब्द बोलावा. नाहीतर सहा वर्षांनी लेकीच्या दारात आपण चोरासारखे उभे राहणार आणि पोरगी आपल्या खांद्यामागे बघणार, की बाबा आलेत का. त्या नजरेची तिला बेचाळीस किलोमीटरपेक्षा जास्त भीती वाटत होती.

आणि दुसरी भीती हवेची. पाम बीचवर पहाटे पाचला घामाने बूट पचपचायचे. तिथे सुरुवातीच्या रेषेवर तासभर कुडकुडत उभं राहायचं होतं. सरांनी यादी दिली होती: फेकून द्यायचा एक जुना स्वेटर, हातमोजे, टोपी, मांड्यांना लावायला व्हॅसलीन, आणि कचऱ्याची मोठी काळी पिशवी. तिला डोक्यासाठी आणि हातांसाठी भोकं पाडायची, पाऊस आला तर अंगात घालायची. सुचिताने ती घालून आरशात पाहिलं. सोसायटीचा ओला कचरा निघाला होता परदेशी.

नवी मुंबईत जुना स्वेटर मिळणं हाही एक उद्योगच. इथे स्वेटर घेतं कोण? शेवटी ग्रुपमधल्या नमिताने तिच्या नवऱ्याचा दिला, कधीकाळी महाबळेश्वरला घेतलेला.

पण हवा पकडीत येईना. मोबाइल सकाळी सहा डिग्री दाखवायचा, संध्याकाळी तोच दिवस पंधरा व्हायचा. मनस्वीला विचारलं तर ती हसली. म्हणाली, इथले लोकच म्हणतात आई, एप्रिल त्याला हवं तेच करतो. सकाळी ऊन, दुपारी गारा. सुचिताच्या मनात आलं, म्हणजे तुझ्या बापासारखाच.

निघायच्या आधीच्या रविवारी शेवटची लांब पळापळ झाली. सागर विहारपाशी नारळपाणी पिताना नंदकुमार सरांनी सगळ्यांना झापलं. त्यांचं म्हणणं असं, की दहा दिवसांपुढचा अंदाज म्हणजे पोपटवाल्याचं भविष्य. त्यापेक्षा गेली पाच-सहा वर्षं त्या आठवड्यात तिथे खरोखर काय झालं ते शोधा, आणि त्यात जे सगळ्यात वाईट आणि जे सगळ्यात गरम, त्या दोन्हींची तयारी ठेवा.

घरी येऊन अंघोळ करून सुचिता जेवायला बसली. हरेशला सुट्टी होती. समोर सुकटीची चटणी, भाकरी, आमटी. तिने सरांचं बोलणं सांगितलं, पण हरेशला नाही, आमटीला सांगितलं. त्या गावाचा विषय निघाला की ती असंच ताटाशी बोलायची. सहा वर्षांची हवा आता कुठून आणू, मला तर मोबाइलवर उद्याची नीट बघता येत नाही, असं म्हणून तिने भाकरीचा तुकडा मोडला.

हरेश जेवला, हात धुतला, बाहेरच्या खोलीतून स्टूल आणलं आणि माळ्यावर हात घातला. खाली उतरला तेव्हा त्याच्या काखेत जुन्या कॅलेंडरांची गुंडाळी होती, सुतळीने बांधलेली.

ती कॅलेंडरं सुचिताला ठाऊक होती. हरेश न्हावा शेव्याला बंदरातल्या एका यार्डात होता. द्राक्षं, मासळी, औषधं घेऊन जाणारे गार कंटेनर तिथे विजेच्या प्लगला लावून ठेवतात, आणि दर काही तासांनी प्रत्येकाचं तापमान बघून लिहायचं, हे त्याचं तीस वर्षांचं काम. घरी आला की तो भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी जायचा आणि त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने बारीक आकडा लिहायचा. शेजारी कधी एखादी उभी रेघ, कधी बाण. दुधाचे खाडे आणि गॅसची तारीख यांच्यामध्ये तो आकडा कोंबलेला असायचा. सुचिताला वाटायचं, कामाची सवय. शिंप्याच्या गळ्यात घरीही टेप असते, तसं. एकदा तिने एक जुनं कॅलेंडर कापून मसाल्याच्या मांडणीत अंथरलं होतं, तेव्हा हा माणूस दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता. कागदासाठी एवढं कशाला, म्हणून तीही रागावली होती.

हरेशने पलंगावर सुतळी सोडली आणि एकेक कॅलेंडर उलगडून एप्रिलचं पान वर केलं.

‘ही बघ,’ तो म्हणाला. ‘उभी रेघ म्हंजे पाऊस. बान म्हंजे वारा.’

सुचिताला कळेना. ती म्हणाली, अवो, हे तुमच्या कंटेनरांचे आकडे ना?

‘कंटेनरचं आकडं घरी कोन लिवतं?’

ती वाकली. पान मागेपुढे केलं. एका जुलैत एकतीस लिहिलं होतं. एकतीसला ठेवलेल्या द्राक्षांची दारू झाली असती. डिसेंबरात शून्य, दोन, एक. लॉकडाऊनमधला प्रत्येक दिवस भरलेला. बोनकोड्यात तर डिसेंबरातही पंखा लागतो. सुचिता पलंगाच्या कडेवर बसली. सहा वर्षं ती त्या आकड्यांखाली दूधवाल्याचे खाडे मांडत आली होती आणि हा माणूस रोज संध्याकाळी तिच्या डोळ्यांदेखत, मोबाइलवर बघून, लेकीच्या गावची हवा लिहीत होता, लेकीची खुशाली लिहीत होता. तिला रडू आलं, आणि त्याला एक धपाटा घालावा असंही वाटलं.

‘आमचा बापूस खारीच्या बांधावर बसून वारा बघाचा,’ हरेश कॅलेंडराकडे बघत म्हणाला. ‘पानी कवा चढंल ते. तिकडं पन खाडी अडवूनच जमीन केलेली हाय. बघावं लागतं.’

मग तो उठून स्वयंपाकघरात गेला. डबे सरकवल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा हातात एक कापलेला कागद होता, हळदीच्या डब्याखालचा, मधोमध पिवळा गोल उमटलेला. एकवीस सालचा एप्रिल. त्याने तो इतर पानांच्या रांगेत, त्याच्या जागी ठेवला.

तो महिना सुचिताला चांगला आठवत होता. हरेशला कोरोना झाला होता, मागच्या खोलीत तो एकटा पडलेला, आणि तिने दाराबाहेरून कॅलेंडर आत सरकवून बजावलं होतं की रोजचा ताप कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या पानावर दोन-दोन आकडे होते. एकशे एक, आणि खाली दोन. दुसरा आकडा गोळ्यांचा असेल असं तिने तेव्हा धरलं होतं.

तिने मोबाइल घेतला. तिकडे सकाळचे साडेनऊ-दहा झाले असतील. पहिल्याच घंटीला मनस्वीने फोन उचलला आणि घाबरून विचारलं, की रविवारी कसा केलास, बाबा घरी असतील ना.

‘आहेत,’ सुचिता म्हणाली. ‘तुझ्या गावच्या एप्रिलचं सांगतायत. गप ऐक.’ आणि तिने मोबाइल स्पीकरवर टाकून कॅलेंडरांच्या मधोमध ठेवला.

हरेशने तिच्याकडे असं पाहिलं, की दुसरी कोणी असती तर तिने मोबाइल उचलून घेतला असता. सुचिताने हात मांडीवर ठेवले. पलीकडून लहान पोरीचं काहीतरी बडबडणं ऐकू आलं. हरेशने चष्मा लावला, घसा खाकरला आणि यार्डात साहेबाला वाचून दाखवायचा तसं वाचायला लागला.

‘वीस साल. बारा एप्रिल. बावीस. वारा नाय. तेरा एप्रिल. नऊ. वारा जोरात.’ त्याने पुढचं पान ओढलं. ‘एकवीस साल. सहा एप्रिल. दोन. बर्फ.’

‘बाबा,’ मनस्वी म्हणाली. ‘त्या दिवशी मी फोन केला होता. तुम्हाला ताप होता म्हणून. तुम्ही कट केला.’

‘हां.’

हरेश पिवळ्या डागावरून बोट फिरवत राहिला. सुचिताला वाटलं, संपलं. आता हा उठणार.

‘बर्फातून कामाला गेलतीस?’ त्याने विचारलं.

‘गेले होते.’

‘पायात बूट होतं?’

‘होते, बाबा.’

‘बरं,’ हरेश म्हणाला, आणि पुढे वाचायला लागला. बावीस सालचे अठरा, तेवीसचे अकरा आणि पाऊस, चोवीसचे एकोणीस, पंचवीसचे एकवीस. सहा वर्षांच्या सहा तऱ्हा होत्या. म्हणजे स्वेटरही न्यायचा, बिनबाह्यांचा टी-शर्टही न्यायचा आणि कचऱ्याची पिशवीही न्यायची, एवढंच त्यातून निघालं. पण सुचिता बॅगेचा विचार करत नव्हती. ती त्या पिवळ्या डागावर ठेवलेल्या नवऱ्याच्या बोटाकडे बघत होती.

वाचून झालं. हरेशने चष्मा काढला नाही. भिंतीपाशी जाऊन त्याने यंदाचं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं, पलंगावर आणलं आणि त्याला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल हातात घेतली. आजचा चौकोन कोरा होता.

‘मनू,’ तो म्हणाला. ‘आजचा आकडा तू सांग.’

पलीकडे खुर्ची सरकली, खिडकी उघडल्याचा आवाज आला. बाहेर हात काढून बघत असावी. मग ती रडत रडतच म्हणाली, ‘नऊ आहे बाबा. पाऊस होता, आता थांबलाय.’

त्याने नऊ लिहिलं. शेजारी एक उभी रेघ मारली. पेन्सिल खाली ठेवली नाही.

‘आनि उद्या?’

‘उद्याचं उद्या सांगते,’ मनस्वी म्हणाली. ‘फक्त फोन उचला.’