करार जिवंत आहे

निकालाच्या दिवशी मावशी हट्टाने माझ्याबरोबर न्यायालयात आली. तिचं गाव सीमेलगतचं, नदीकाठचं. नदीच्या वरच्या अंगाच्या शेजारी देशाने धरण बांधून पाणी अडवलं, तिच्या विहिरीचा तळ दिसू लागला, म्हणून आमच्या देशाने हा खटला भरला होता. वकिलांच्या चमूत मी शेंडेफळ. पण मावशीच्या लेखी सगळा खटला मीच चालवत होते.

वरच्या देशाचं म्हणणं असं, की मागच्या महापुरात नदीने पात्र बदललं, तेव्हाच जुना पाणीकरार मेला. पात्र बदललं हे खरंच होतं. आधी मावशीच्या गावाच्या पलीकडून वाहणारी नदी आता अलीकडून वाहू लागली होती आणि घरी जायला तिला पूल ओलांडावा लागायचा. पण आमचे थोरले वकील कसले ऐकतात! "करार म्हणजे पालेभाजीची जुडी नव्हे, हवी ती पानं खुडून घ्यायला," ते गरजले होते. "मानायचा तर सगळा माना." मी ते वाक्य घरी मावशीलाही ऐकवलं होतं. काय खूश झाली होती ती!

न्यायाधीशबाई वाचू लागल्या. करार जिवंत आहे. पाणी सोडावंच लागेल. मावशीने माझा हात इतका दाबला की बोटं दुखली.

"आता सगळा मानायचा," बाई पुढे म्हणाल्या, "तर चौथं कलमही आलंच. दोन देशांची सीमा म्हणजे नदीचा सर्वांत खोल प्रवाह, तो जिथे असेल तिथे."

मी थोरल्या वकिलांकडे पाहिलं. पाणी जिंकलेल्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. चौथं कलम सीमेचं, म्हणजे सीमाखात्याचं काम. आम्ही आपली पाण्याचीच कलमं घोकत बसलो होतो.

"जिंकलो ना गं?" मावशीने विचारलं.

"हो. पण मावशी, तुझं गाव त्यांच्या देशात गेलं."

"चल, काहीतरीच! गाव काय उठून जातं?" ती हसली. मग माझा चेहरा बघून थांबली. पर्समध्ये हात घालून तिने घराची किल्ली चाचपली.

"मग संध्याकाळची माझी बस कुठवर जाईल?"

"पुलापर्यंत," मी म्हणाले.