शिओजी-मारू, प्रसंग बत्तीस

धक्क्यावर आम्ही सहा जण होतो. एक कॅमेरा, दोन बॅटऱ्या, झाडूच्या दांड्याला बांधलेला माइक, उजेड चेहऱ्यावर परतवायला चंदेरी कागद चिकटवलेला पुठ्ठा, भाताच्या चौदा ओनिगिरी, थंड चहाच्या सहा बाटल्या. बाटल्या पिशवीत होत्या. मग सावलीत ठेवलेल्या थर्माकोलच्या खोक्यात काय आहे, ते मला कळेना. खोकं आमच्याच घरचं होतं, मासे ठेवायचं. त्यातला बर्फही आदल्या संध्याकाळी बाबांनीच भरून दिला होता.

"इसुझु, मोजतेस काय परीक्षा असल्यासारखी?" कॅमेऱ्यामागून शुनगो म्हणाला. "तेरा ओनिगिरी लिही. एक माझ्या पोटात आहे."

"खोक्यात काय आहे?"

"मला विचारू नकोस. मी फक्त बटण दाबतो," तो म्हणाला आणि आधीच स्वच्छ असलेलं भिंग पुसायला लागला.

शाळेच्या सिनेमा मंडळाचा हा सिनेमा होता. दिग्दर्शक तोवाको. आम्ही दोघी बालवाडीपासून एकत्र. गोष्ट दोन बहिणींची: मोठी शिकायला गाव सोडते, धाकटी मागे राहते. धाकटी मी. पटकथेतला शेवटचा, बत्तिसावा प्रसंग आमच्या बोटीवर होता. संध्याकाळी मोठीची आगगाडी किनाऱ्याने जाते आणि धाकटी बापाच्या बोटीवरचे सगळे दिवे लावते.

शिओजी-मारू ही बाबांची म्हाकुळं, म्हणजे स्क्विड, धरायची बोट. दिव्यांना भुलून म्हाकुळं वर येतात; पण अलीकडे डिझेलचा खर्च निघेल इतकीही येत नव्हती. बोट मोडीत जायची होती. तोवाकोने प्रसंग लिहिला तेव्हा बाबांनी मोडवाल्याला सोमवारपर्यंत थांबवलं, विकायला काढलेले दिवे पुन्हा टांगले आणि पुढच्या टोकावरचं नाव पांढऱ्या रंगाने नव्याने काढलं. बाबा मला कधी काही मागत नाहीत. या वेळी एवढंच म्हणाले, "नाव नीट दिसेल असं घ्यायला सांग."

आज शनिवार. दुपारी तिसावा प्रसंग होता: धक्क्यावर उभं राहून मी बहिणीला "जा ना मग!" म्हणून ओरडते. तिसऱ्या खेपेला जमलं.

"कट! ओके!" तोवाको म्हणाली. मग तिने श्वास घेतला आणि मोठ्याने जाहीर केलं, "धाकट्या बहिणीच्या भूमिकेतल्या कादोवाकी इसुझु यांचा हा शेवटचा शॉट होता! खूप मेहनत घेतलीत, आभार!"

सगळे टाळ्या वाजवायला लागले. कुणीतरी खोकं उघडलं. आत फुलांचा गुच्छ होता.

काम संपलेल्या नटाला गुच्छ देतात. सगळीकडे देतात, आमच्यासारख्या शाळकरी मंडळातही. गुच्छ हातात आल्यावर वाकून आभार मानायचे असतात. मी वाकले. वाकल्यावर दिसलं, की बर्फाला टेकलेल्या कडेच्या पाकळ्या काचेसारख्या पारदर्शक झाल्या होत्या. पेशींमधलं पाणी गोठलं की असं होतं.

"माझा अजून बोटीचा प्रसंग आहे," मी म्हणाले.

टाळ्या थांबल्या. शुनगो कॅमेरा पिशवीत घालायला लागला.

"स्पर्धेत पंधरा मिनिटांची अट आहे गं," तोवाको म्हणाली. "सर म्हणाले, एकतिसाव्यावर, मोठीच्या आगगाडीवर संपव. तेच जास्त चांगलं वाटतं. खरंच."

"कधी म्हणाले?"

"परवा."

"फुलं कधी आणलीस? आपल्या गावात फुलांचं दुकान नाही."

"काल. शाळा सुटल्यावर शहरात जाऊन."

"आणि तिथून आमच्याकडे जेवायला आलीस."

काल बाबांनी तिच्यासाठी म्हाकूळ चिरलं होतं, बारीक, दोऱ्यासारखं. जेवण झाल्यावर तिला बोटीपाशी नेऊन ओला रंग दाखवला होता. ती म्हणाली होती, "मस्त दिसतंय, काका! कॅमेऱ्यात एकदम उठून दिसेल." मग तिने विचारलं होतं, "काका, एक खोकं आणि थोडा बर्फ मिळेल? उद्या उन्हात काम आहे." बाबांनी फावड्याने बर्फ भरला आणि तिच्या सायकलला खोकं स्वतः बांधून दिलं.

"तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुझे बाबा इतके खूश होते… कसं सांगणार? मला वाटलं, सगळ्यांसमोर नीट सन्मानाने केलं तर तुलाही बरं वाटेल." तिचे डोळे भरून आले. "मी ही फुलं निवडायला किती वेळ लावला, माहितीये?"

"तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?"

कुणीही मान वर केली नाही. म्हणजे पाच.

धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला बाबा बोटीवर होते. इंजिन गरम करून ठेवलं होतं; धूर दिसत होता. मी गुच्छ घेऊन गेले. त्यांनी आधी फुलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"झालं?"

"झालं. बोटीचा प्रसंग काढून टाकला."

त्यांनी इंजिन बंद केलं. पाण्याचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला.

"फुलं पाण्यात ठेव," ते म्हणाले. "आणि ये. उजेड आहे तोवर दिवे उतरवून घेऊ."

मी फुलं बादलीत ठेवली. बाबा दिवे सोडवत गेले, मी वर्तमानपत्रात गुंडाळत गेले. सोमवारी दुसरी बोट आली आणि शिओजी-मारूला ओढून घेऊन गेली.

शाळेच्या उत्सवात वर्गाच्या खिडक्यांना काळे पडदे लावून सिनेमा दाखवला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या रांगेत बसले. सिनेमा आगगाडीवर संपला. लोकांना आवडला. तोवाकोने दारात उभं राहून सगळ्यांना वाकून नमस्कार केला. बाबांनीही तिला वाकून नमस्कार केला.

बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "तू ओरडतेस ना, तेव्हा मागे आपली बोट होती का गं? मी चष्मा पुसत होतो."

"बघून सांगते," मी म्हणाले.

शुनगोकडून सिनेमाची फाइल घेतली. काहीही न विचारता त्याने दिली. घरी येऊन तो प्रसंग एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिला, दोनदा.

एका सेकंदाला चोवीस फ्रेम आहेत. शिओजी-मारू एकतीस फ्रेममध्ये आहे. नाव वाचता येतं ते नऊ फ्रेममध्ये.