जीभ वर

डॉक्टर काय सांगतात यापेक्षा त्यांच्या हातातल्या पेनावर काय छापलंय, याकडे कर्टिसचं लक्ष होतं. पेनावर औषध कंपनीचं नाव होतं.

"दोन औषधं आहेत," डॉ. मॅकआयझॅक म्हणाल्या. "एक सकाळची गोळी, दचकणं-चिडणं कमी व्हायला. दुसरी झोपताना, वाईट स्वप्नांसाठी. सुरुवात कशाने करायची, तुम्ही ठरवा."

तुम्ही ठरवा! इथेच कर्टिसच्या मनात पाल चुकचुकली. सैन्यात असताना कंदाहारला दर सोमवारी हिवतापाची गोळी मिळायची, तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. सार्जंट समोर उभा. गोळी टाका, तोंड उघडा, जीभ वर. स्वप्नं त्या गोळीनेच बिघडतात, असं पलटणीत सगळे म्हणत. मग तो गोळी गालात दडवायला शिकला. सार्जंटला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

"पेन कुठलं?"

"कुठल्याशा परिषदेत मिळालं. का?"

"सकाळची गोळी याच कंपनीची?"

"हो, पण..."

"मग दुसरी द्या."

शेजारी त्याची बायको रोंडा वहीत सगळं उतरवून घेत होती. त्याला तिचाही संशय आला. पण गेल्या आठवड्यात झोपेत त्याने तिचा गळा धरला होता. तेव्हापासून ती मुलीच्या खोलीत झोपत होती. औषध घे, नाहीतर मी ओमाहाला बहिणीकडे चालले, असं तिने सरळ सांगितलं होतं. ती गेली तर आपण संपलो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी जेवणानंतर त्याने औषधाच्या बाटलीबरोबरचा कागद वाचला आणि उसळला. "रक्तदाबाचं औषध! मला कुठाय रक्तदाब? प्रयोग चाललाय माझ्यावर!"

"त्या सांगत होत्या की. औषध जुनं, रक्तदाबाचंच, पण काहींना स्वप्नांवर गुण येतो. उठताना चक्कर येईल, सावकाश उठायचं." रोंडाने वही त्याच्यापुढे सरकवली. "तू पेनाशी भांडत होतास."

झोपायच्या वेळी तिने कॅप्सूल आणि पाणी आणून दिलं. त्याने कॅप्सूल सराईतपणे गालात सरकवली, पाणी प्यायला, तोंड उघडलं आणि जीभ वर केली.

रोंडाने ढुंकूनही पाहिलं नाही. "मिट ते तोंड, माशी जाईल. मी काय तुझी सार्जंट आहे?" असं म्हणून ती मुलीच्या खोलीकडे निघाली.

तपासायला कुणीच नव्हतं. गालात कॅप्सूल चिकट होऊ लागली. कर्टिसने पुन्हा पेला भरला आणि ती गिळली.