ओ, के आणि आणखी दोन अक्षरं

अण्णांच्या बोटानं पहिल्या दिवशी दोनच अक्षरं दाखवली. आधी ओ, मग के. मी आनंदानं जवळजवळ ओरडलेच, "आई, अण्णा ओके म्हणाले!"

विचारलेला प्रश्न काही साधा नव्हता. शहराबाहेरच्या एका सेवाकेंद्रात त्यांना, आमच्या वडिलांना, ठेवायचं आम्ही भावंडांनी ठरवत आणलं होतं. फेब्रुवारीत झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. कळत सगळं होतं. मान मात्र त्यांच्या ताब्यात राहिली नव्हती. कुणी काही बोललं की खाली जायची. जेवलात का, मान खाली. उपाशी आहात का, मान खाली. म्हणून दवाखान्यातल्या बाईंनी इंग्रजी अक्षरांचा तक्ता दिला, डाव्या बोटानं दाखवायला. "बाराखडी एवढ्याशा पुठ्ठ्यावर मावत नाही," त्या म्हणाल्या. "आणि सर तर इंग्रजीचेच. बोट थरथरतं, अक्षरं मागंपुढं येतील. तुम्ही जुळवून घ्या."

सर इंग्रजीचेच, यात शंका नव्हती. कन्नड गावच्या शाळेत अण्णांनी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. कडुबा सरांच्या, म्हणजे अण्णांच्या, तासाला तोंडातून मराठी शब्द निघाला की पोराला बाकावर उभं राहावं लागे. निवृत्त झाल्यावर जुने विद्यार्थी मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून पाठवत, सर कसे आहात म्हणून. अण्णा उत्तर देत नसत. "ही काय भाषा झाली? दुसऱ्याची चप्पल पायात घालून देवळातून निघायचं!" याच कारणावरून माझ्याशीसुद्धा एकदा चार दिवस बोलले नव्हते.

तर, ओके. मी पुण्याला शिवराजला, माझ्या धाकट्या भावाला, फोन लावला. "म्हणाले ना? मग संपला विषय," तो म्हणाला. मलाही विषय संपायलाच हवा होता, खोटं कशाला बोलू? नवरा फिरतीवर, औरंगपुऱ्यातल्या ऑफिसातल्या रजा संपलेल्या, कामाला बाई टिकत नव्हती, आईचे गुडघे गेलेले. अण्णांची कूस बदलता बदलता माझी पाठ धरायची आणि मनात नको नको ते यायचं. मी पुढच्या सोमवारची गाडी ठरवून टाकली.

दुसऱ्या दिवशी अण्णा तक्त्याकडे टक लावून बघत राहिले. मी तो समोर धरला. ओ, के, आणि मग एन, ए. पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. चारच अक्षरं, कधी या क्रमानं, कधी त्या.

शिवराजनं एक साइट पाठवली. अक्षरं टाकली की ती ज्या ज्या इंग्रजी शब्दांत येतात ते सगळे शब्द ती काढून देते. मी चार अक्षरं टाकली. कामाचा वाटला तो पहिला शब्द 'सोकिंग', म्हणजे चिंब भिजणं. मी डायपर पाहिला. कोरडा ठणठणीत. तरी बदलला, चादरही बदलली. मग 'ॲनोरॅक' दिसला. अर्थ शोधला तर टोपी असलेलं जाड जाकीट. म्हणजे थंडी वाजतेय! गारखेड्यातल्या आमच्या घरात, वरच्या मजल्यावर, ऐन एप्रिलात, मी त्यांना स्वेटर घातला, वर कानटोपी चढवली. घामाच्या धारा लागल्या तेव्हा काढली. अण्णा माझ्याकडे नुसते बघत होते. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

आठवडा असाच गेला. शनिवारी त्या यादीत 'क्रोकिंग' सापडला. "बेडकाचं ओरडणं," मी फोनवर म्हणाले. शिवराजनं तिकडं अर्थ शोधला. मग म्हणाला, "ताई, मरणं असाही अर्थ होतो त्याचा." मी आईला सांगितलं. आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. "तिथं समुपदेशक असतात," शिवराज म्हणाला. "सोमवार कशाला, उद्याच न्यायला सांग." मी सांगितलं. रविवारी दहाची गाडी ठरली.

रविवारी मी अण्णांचे कपडे पिशवीत भरत होते. आई तक्ता मांडीवर घेऊन त्यांच्याजवळ बसली होती. आईला इंग्रजी येत नाही. अख्ख्या तालुक्याला शिकवणाऱ्या माणसानं बायकोला एक शब्द शिकवला नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. अक्षरं तेवढी ती ओळखते, तीही मोबाइलमुळं. त्यात शिवराजनं सगळी नावं इंग्रजी अक्षरांत भरून दिलीत. एकेक अक्षर लावत ती दूधवाला शोधते, भाजीवाली शोधते, मला शोधते.

"मोनिका, तुझ्या नावातलीच हायत की गं ही चारी अक्षरं. मला वाटलं, तुलाच हाका मारत्यात."

"आई, मला भरू दे."

"एन, ए... न. के, ओ... को." ती थांबली. "नको. अगं, हे नको म्हणत्यात."

"काहीतरीच! अण्णा असं इंग्रजी अक्षरांत मराठी कधी लिहायचे नाहीत, मेले तरी..." मी जीभ चावली. "आणि नको म्हणायचं तर सरळ 'नो' नसते का म्हणाले? दोन अक्षरांत काम."

"मला काय ठावं त्यातलं? मला तर नकोच दिसतंय."

मी दवाखान्यातल्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "होतं असं काही जणांचं. मागाहून शिकलेली भाषा आधी जाते, घरची तेवढी राहते."

मी अण्णांसमोर जमिनीवर बसले. "अण्णा, नको?" मान खाली गेली. ती तर जायचीच. पण डावा हात तक्त्यावरून सुटला आणि त्यांनी माझं मनगट धरलं. आयुष्यभराचं इंग्रजी गेलं होतं, अक्षरं तेवढी उरली होती. जिला नावं ठेवली तीच चप्पल त्यांनी पायात घातली होती, आणि मी त्यांना कानटोपी घालत होते. नऊ दिवस. मला माझीच लाज वाटली आणि मी मोठ्यानं रडले.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. गॅलरीतून मी ड्रायव्हरला परत जायला सांगितलं. उद्या ऑफिसात काय सांगायचं, पाठ किती दिवस साथ देणार, यातलं काहीच मला माहीत नव्हतं.

शिवराजला मेसेज टाकला. घाईत इंग्रजी अक्षरांतच लिहिला गेला. अण्णा नको म्हणतात. गाडी परत पाठवली. तू ये.

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. दोनच अक्षरं. ओ आणि के.

मी फोन हातात धरून बघत राहिले, आणखी दोन यायची आहेत का म्हणून.