नाथनचं ताट

"हेच नाव ठेवणार असशील तर मलिदा तुझा तू कर," असं म्हणून मिल्काबाई आवासकरांनी भिजवलेल्या पोह्यांची परात नातीपुढे सरकवली आणि लगेच परत ओढून घेतली. मलिदा दुसऱ्याच्या हाती देण्याइतक्या काही त्या रागावल्या नव्हत्या.

मुलुंडच्या त्या ज्यू घराच्या दोन खोल्यांत सकाळपासून गडबड होती. अबिगेलचा मुलगा आठ दिवसांचा झाला होता. सुंता झाली की त्याचं नाव पुकारायचं, आणि अबिगेलला नाव हवं होतं नाथन.

"आजी, तुझ्या सख्ख्या भावाचं नाव आहे ना?"

"म्हणूनच नको."

नाथननं एकविसाव्या वर्षी स्वतःचा जीव दिला होता. अशा माणसासाठी प्रार्थना होत नाही, असं वडीलधाऱ्यांनी सांगितलं. त्याला कबरस्तानात भिंतीकडेला पुरलं आणि घरात त्याचं नाव बंद झालं. मिल्काबाईंनी पन्नास वर्षं ते पाळलं. फक्त दर मलिद्याला त्या एक ताट जास्त वाढत. कुणी विचारलं तर म्हणत, "एलियाहू पैगंबराचं." मलिदा त्याच्याच मानाचा, त्यामुळे पुढे कुणी विचारत नसे. धडधडीत खोटं होतं ते, आणि बाईंना त्याची जराही लाज वाटत नव्हती.

प्रार्थना चालवणारे सॉलोमनकाका टेकतात न टेकतात तोच अबिगेलनं तक्रार केली. काकांनी आधी चहा संपवला.

"मिल्काबाई, तीस वर्षं नर्स होतात तुम्ही. जीव द्यायला निघालेली माणसं यायची ना वॉर्डात? वाचली की काय म्हणायची?"

नारळ कालवणारा हात थांबला. "पाणी मागायची. मग विचारायची, सिस्टर, वाचलो ना मी? एक जण तर चहा पाणचट आहे म्हणून भांडला माझ्याशी."

"म्हणजे पस्तावलेली असायची."

"बहुतेक सगळी."

"मग झालं तर. जीव आपला नाही, देवाचा. तो देऊ नये, हे शास्त्र सांगतंच. पण त्या वेळी माणसाचं मन ठिकाणावर होतं का, शेवटच्या श्वासाला तो पस्तावला का, हे कुणाला ठाऊक? शंका असली की त्याच्या बाजूनं घ्यायची, हेही शास्त्रच सांगतं. नाथनसाठी प्रार्थना व्हायला हवी होती."

"आणि हे तुम्ही आज सांगताय?"

"नाव कुठं काढू देत होतात तुम्ही?"

मिल्काबाईंना हसू आलं आणि हसतानाच डोळे भरले. वॉर्डातल्या परक्या माणसांना त्या उशाशी बसून सांगत आल्या होत्या, तुला जगायचंच होतं रे. आपल्या भावाच्या बाबतीत मात्र हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. त्यांना फार बरं वाटलं.

सुंता झाली. काकांनी नाव पुकारलं, सगळ्यांनी आमेन म्हटलं, आणि पोरानं घर डोक्यावर घेतलं. मिल्काबाईंनी मलिदा वाढला. जास्तीचं ताट वाढून त्यांनी ते अबिगेलपुढे ठेवलं.

"हे तर पैगंबराचं ना, आजी?"

"नाथनचं आहे. त्याला दात येईपर्यंत तू खा."

पाळण्यातून पुन्हा रडं आलं. मिल्काबाईंनी पदराला हात पुसले आणि पन्नास वर्षांपूर्वीच्याच आवाजात म्हणाल्या, "आले रे नाथ्या, आले."